कापसाच्या खोलीतलं बारसं

बन्सीधररावांनी कापूस अजून विकला नव्हता. भाव वाढेल, वाढेल म्हणत त्यांनी पुढची खोली खिडकीच्या गजांपर्यंत भरून टाकली होती, आणि सुमनबाईंनी कुणाला न विचारता त्या ढिगाच्या पायथ्याशी धाकट्या सुनेचं अंथरूण घातलं होतं. मार्गशीर्षाची थंडी होती आणि घरात त्याहून उबदार जागा नव्हती.

सुकेशनी बारा दिवस तिथंच पडून होती. कापसात आवाज मुरतात. अंगणात कुणी घागर आपटली तरी ती पलीकडच्या गावात आपटल्यासारखी वाटायची. खिडकीतून ऊन आत आलं की बारीक तंतू हवेत तरंगायला लागायचे, आणि ते बघता बघता तिला कळायचं नाही की आपण जागे आहोत की झोपेत. परभणीच्या दवाखान्यात सात वर्षं घड्याळाच्या काट्यावर नाचलेली सिस्टर ती. डॉक्टर चुकतील पण सुकेशनी सिस्टरचं इंजेक्शन पाच मिनिटं इकडंतिकडं होणार नाही, असं तिथले पेशंट सांगायचे. आता तिला वारसुद्धा आठवत नव्हता.

डोळा लागला की मात्र एकच आवाज यायचा. कुणीतरी अगदी हळू, कुणाच्या तरी कानाशी काहीतरी म्हणतंय. शब्द कळायचे नाहीत, फक्त चाल कळायची. संथ, वर जाणारी, मग खाली उतरणारी. तो आवाज खरंच ऐकला की कळांच्या गुंगीत स्वप्न पडलं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणाला म्हणून ती परभणीहून गावी आली, हिरव्या साडीत पाटावर बसली, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधीच तिच्या पोटात कळ उठली. बोलावलेली ॲम्ब्युलन्स पोखर्णीच्या रस्त्याला लागायच्या आत बाळ घरातच आलंसुद्धा. तीन घरं सोडून राहणारी सुईण जैतूनबी धावत आली होती, तिच्याच हातावर ते आलं. मूठभर पोर. एकदा रडलं, नीट, खणखणीत. दीड तास जगलं. दवाखान्याच्या वाटेवर, पिंगळीच्या अलीकडं, गाडीतच, सुकेशनीच्या छातीवर त्याचं हलणं थांबलं. तिच्या नवऱ्यानं, गोपाळनं, आणि बन्सीधररावांनी त्याच दिवशी शेताच्या धुऱ्यावर त्याला मातीत ठेवलं. घरात परत कुणी त्याविषयी बोललं नाही.

आज बारावा दिवस होता. सगळं सरळ झालं असतं तर आज आढ्याला पाळणा टांगला असता.

सुमनबाई सकाळी बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी घेऊन आल्या. बाळंतिणीचं पथ्य त्यांनी एक दिवस चुकवलं नव्हतं. मूल नाही म्हणून बाळंतीण बाळंतीण नसते का, असा त्यांचा हिशेब असावा. तोंडानं त्या सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सुनेच्या छातीचं फडकं सोडलं, ओलं झालेलं बाजूला ठेवलं आणि कोरडं घट्ट बांधायला घेतलं.

"आत्याबाई, आज बारावा."

"ठाव हाय."

"त्याचं नाव ठेवायचं हाय मला."

सुमनबाईंचा हात थांबला नाही. त्यांनी गाठ मारली, ती जरा जास्तच घट्ट बसली. "ज्याला हाक मारायची त्याला नाव. गेलेल्या जीवाला नाव दिलं की त्यो अडकतो आन् आपुन बी अडकतो. आमच्यात न्हाई ठेवत."

"आमच्यात ठेवतात."

"मग तुमच्यातलं तुझा बाप आल्यावर त्येला इचारू," असं म्हणून त्या ताट ठेवून गेल्या.

बाप दुपारी आला. शांतवन मास्तर जालन्याहून दोन एसट्या बदलून उतरले, अंगात काळा कोट, हातात मोसंबीची पिशवी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेले आणि चर्चच्या मंडळीत वडीलधारे. तीन वर्षांपूर्वी लेकीनं एका शेतकऱ्याच्या पोराशी कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून ते आणि बन्सीधरराव एकमेकांशी इतक्या अदबीनं वागायचे की बघणाऱ्याला घाम फुटावा. सून उठू शकत नाही म्हणून आज सगळे कापसाच्या खोलीतच बसले. व्याही ढिगाला टेकले. गोपाळ दाराशी. सुमनबाई कोपऱ्यात सगळ्यांकडं पाठ करून सुपात तूर निवडत. थोड्याच वेळात मास्तरांच्या काळ्या कोटावर पांढरे तंतू चिकटले. त्यांनी दोन-तीनदा झटकले आणि नाद सोडला.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी सकाळी फोन आला तसा मी निघालो होतो. वाटलं, पोचेन, बाप्तिस्मा तरी देईन. मंठ्याला दुसरा फोन आला, गेल्याचा."

सुकेशनीनं डोळे मिटून घेतले. मंडळीतल्या एका बाईनं फोनवर सांत्वन करता करता विचारलं होतं, "बाप्तिस्मा झाला होता का गं?" बाई वाईट नव्हती. पण तो प्रश्न काट्यासारखा आत मोडून राहिला होता.

"बाबा, तो कुठं हाय?"

"देवाजवळ, बेटा."

"नक्की?"

शांतवन मास्तर थांबले. पळभरच थांबले. खोटं न बोलण्याची सवय लागलेला माणूस जसा उत्तर तपासून बघतो, तसे. पण सुकेशनीनं ते थांबणं बघितलं.

"आपण सगळे आदामाच्या पापाचा डाग घेऊन जन्मतो, असं आपण मानतो," मास्तर सावकाश म्हणाले. "पण देवाची कृपा—"

"दीड तासाचं पोर हो ते! कसला डाग? त्यानं डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते." ती उठून बसली. बारा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. आणि त्याच झोकात, बोलू नये ते तोंडातून गेलं. "जैतूनमायनं त्याच्या कानात काहीतरी म्हटलं होतं. मी ऐकलं. का मला सपन पडलं, तेच कळेना झालंय."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "कानात? उजव्या?"

"हो."

"बांग दिली," ते म्हणाले. स्वतःशीच.

बन्सीधरराव ताठ झाले. "हे भाईर कुनी बोलू नका. दिवस कसले चाललेत ठाव हाय ना? गावात कळलं तर कोन काय आरथ काढील. आन् तिला तरी कुनी सांगितलं व्हतं? आमच्या घरचं लेकरू—"

"तुमच्याच घरचं व्हतं ना गोपाळ बी?" कोपऱ्यातून सुमनबाई बोलल्या. सूप हलायचं थांबलं नव्हतं. "मी टायफाडनं पडले तव्हा आठ म्हयने कुनाच्या पदराखाली व्हता त्यो? तव्हा तुमी इचारलं का, बाई, हे दूध कुन्या धरमाचं हाय?"

सुमनबाई जैतूनबीची बाजू घेतील असं त्या घरात कुणालाच वाटलं नसतं. गोपाळ चालायला लागल्यापासून त्या दोघींत दूधआई कोण आणि खरी आई कोण याची मूक ओढाताण चालू होती. गोपाळ उठला आणि चपला घालून जैतूनबीच्या घराकडं गेला.

जैतूनबी बारा दिवस या घराकडं फिरकली नव्हती. ती आली ती उंबऱ्याशीच बसली. पासष्टीची, सुरकुतलेली, हातात हिरव्या काचेच्या दोनच बांगड्या. गोपाळनं हाताला धरून तिला आत आणलं तेव्हा तिनं आधी सुकेशनीकडं बघितलं, मग खाली.

शांतवन मास्तर अवघडले होते, पण विचारायचं ते सरळ विचारायचं हा त्यांचा शाळेपासूनचा नेम. "बाई, राग मानू नका. मला भांडायचं नाही, समजून घ्यायचंय. कानात बांग दिली की मूल मुसलमान झालं, असं तुमच्यात आहे का?"

"न्हाई जी," जैतूनबी म्हणाली. "बांग दिल्यानं कुनी काय व्हत न्हाई. आमच्यात म्हनतेत, हर लेकरू साफ येतं. ज्यानं धाडलं त्याचंच असतं ते. त्याला कुनाचं करनारी मी कोन?" ती जरा थांबली. "पर चूक माझीच हाय. इचारायला पायजे व्हतं. ह्या गावात शंभर लेकरं माझ्या हातावर आली आसतील, आजवर दुसऱ्याच्या लेकराच्या कानात मी एक शबूद बोलले न्हाई. ह्याच्याच बोलले. गोपाळ माझा दूधलेक हाय. आमच्यात दुधाचं नातं रगताएवढंच धरतेत. माझ्या पोरी त्याच्या सख्ख्या भैनी झाल्या, त्याच्याशी त्यांचं लगीन बी व्हऊ शकत न्हाई. मग त्याचं लेकरू माझा नातूच की. सात नातवंडं अशी हातात धरली. हे धरलं आन् तोंडातून आपोआप निघालं. निघाल्यावर ध्यानात आलं, का ही तर सुकेशनीची ठेव, अमानत हाय."

म्हणजे स्वप्न नव्हतं. सुकेशनीला एकदम हलकं वाटलं, का ते तिचं तिलाही कळलं नाही. "काय म्हणालात त्याला? अर्थ सांगा."

"देव लय मोठा हाय. त्याच्याबिगर दुसरा कुनी न्हाई. पैगंबर त्याचे रसूल, निरोप आननारे हायत. या, नमाजला या. भल्याकडं या." जैतूनबीनं मास्तरांकडं बघितलं. "पैगंबरांचं नाव बी घेतलं जी. ते लपवून कशाला सांगू?"

"नका लपवू," मास्तर म्हणाले.

"पर बांग तर नमाजच्या आधी असते," सुकेशनी म्हणाली. दवाखान्यामागच्या मशिदीची तिनं सात वर्षं ऐकली होती. "त्याच्या बांगेनंतर नमाज कुठं झाली?"

"म्हातारी मानसं सांगतेत पोरी, जलमताना बांग देतेत तव्हा नमाज नसती. मरताना नमाज पढतेत, तव्हा बांग नसती. ती हीच बांग, आधीच दिलेली. मधी जो टैम उरतो त्येला आयुष्य म्हनायचं. कुनाचा ऐंशी वर्साचा उरतो, कुनाचा..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. खिडकीतलं ऊन सरकून ढिगावर आलं होतं आणि सगळा कापूस आतून दिवा लावल्यासारखा दिसत होता. सुकेशनी त्याच्याकडं बघत राहिली. दीड तास. बांगेपासून नमाजेपर्यंत माणसं चूळ भरतात, पाय धुतात, रांगेत उभी राहतात. तेवढ्यात तिचं लेकरू सगळं जगून गेलं होतं.

"आणि आदामाचा डाग?" तिनं विचारलं. बापाकडं न बघता.

"आदमबाबा आन् हव्वाआई दोघं बी चुकले. एकटीवर न्हाई टाकत आमी. दोघं रडले, माफी मागितली, अल्लानं माफ केलं. मिटलं. ते पुढं वारशानं उतरत न्हाई. ज्याचं वझं त्यानं उचलायचं, आन् लेकराला वझंच नसतं."

"इथं आपली वाट फुटते, बाई," शांतवन मास्तर म्हणाले. आवाज मऊ होता. "आम्ही म्हणतो ते मिटलं नव्हतं. ते मिटवायला देव स्वतः खाली आला, आईच्या पोटी जन्मला, क्रुसावर मेला."

"आमी म्हनतो, त्याला यायची काय गरज? त्यो तिथूनच माफ करतो. माय लेकराला माफ करती, तव्हा काय किंमत मोजती का?"

"मोजते," मास्तर म्हणाले. "मायच मोजते. लेकरू चुकतं आणि भोगते आई. तेच आम्ही देवाबद्दल म्हणतो."

जैतूनबीनं मान डोलावली. पटलं म्हणून नाही, बोलणं खरं मनातून आलंय हे ओळखून. "ईसा पैगंबरांना आमी बी मानतो जी. त्यांना मानल्याबिगर आमचं इमान पुरं व्हत न्हाई. परत येनार हायत, हे बी मानतो. पर देवाचा लेक न्हाई म्हनत. देवाला लेक नसतो, त्यो कुनाला जलम देत न्हाई आन् त्येला कुनी दिला न्हाई. आन् ते क्रुसावर गेले न्हाईत, अल्लानं त्यांना वर उचलून घेतलं, असं हाय आमच्यात."

"त्या क्रुसावर तर आमचं सगळं घर उभं आहे."

"ठाव हाय. म्हनून तर लोकं भांडतेत."

दोघंही जरासे हसले. बन्सीधरराव या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत होते. एवढं सगळं बोलूनही कुणी उठून गेलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत असावं.

"नाताळ आठ दिवसांवर आला," सुकेशनी म्हणाली. ती परत ढिगाला टेकली होती, डोळे अर्धे मिटले होते. "दरवर्षी मी दवाखान्यात गव्हाणी मांडते. मेंढरं, मेंढपाळ, योसेफ. तुमच्यात कसं सांगतात, येशू जन्मला ते?"

"आमच्यात मेंढपाळ न्हाईत. योसेफ बी न्हाईत. मरियमबी एकटीच हाय." जैतूनबीचा आवाज खाली आला, आणि त्यात तीच चाल आली, संथ, वर जाऊन खाली उतरणारी. "नवरा न्हाई, माय न्हाई, सुईन न्हाई. लोकांपासून लांब कुठं तरी गेली. कळ उठली तशी खजुराच्या बुंध्याला धरून उभी ऱ्हायली. आन् म्हनाली, ह्याच्या आधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. माझी आठवन बी कुनाला ऱ्हायली नसती तर बरं झालं असतं."

गाडीत, पिंगळीच्या अलीकडं, सुकेशनी हेच म्हणाली होती. शब्दाला शब्द. पवित्र मरियेनंही असं म्हटलं असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिच्या गव्हाणीतली मरिया निळ्या पदरात गोड हसायची.

"मग?"

"मग तिच्या पायाखालून आवाज आला, का बाई, दुख करू नको. तुझ्या पायाशी पानी वाहायलंय. बुंधा हलीव, ताजा खजूर पडंल. खा, पी, डोळे थंड कर. बाळंतीन हाय ना ती. देवानं बी आधी तिला खायालाच सांगितलं."

सुपातली तूर थबकली. सुमनबाईंनी मान वळवली नाही.

"ती लेकरू घेऊन गावात आली तव्हा लोकं नाही नाही ते बोलले. तिनं तोंड उघडलं न्हाई, नुस्तं लेकराकडं बोट केलं. आन् पाळन्यातलं लेकरू बोललं."

"माझा नाही बोलला," सुकेशनी म्हणाली. रडायचं नव्हतं तरी रडू आलं, आणि आल्यावर तिनं ते अडवलं नाही. "एकदा रडला फक्त."

"तेच बोलनं, बेटी. रडलं म्हंजी आलं. आमच्यात कायदाच हाय तसा, जे लेकरू एकदा रडलं त्याचा नावावर हक्क, नमाजवर हक्क."

"आता कुठं हाय तो? तुमच्यात काय म्हणतात?"

जैतूनबी सरकत तिच्या अंथरुणापाशी आली. "तिथं एक बाग हाय. मोठ्ठी. आन् हितून गेलेली सगळी लहान लेकरं इब्राहिम पैगंबरांपाशी हायत. ते सांभाळतेत. आन् निवाड्याच्या दिशी जन्नतच्या दाराशी ती लेकरं उभी ऱ्हातील. त्यांना म्हनतील, जा आत. ती म्हनतील, न्हाई, आमची मायबाप आल्याबिगर न्हाई जात. हट्टच धरतील. मंग देवच म्हनंल, जा, घेऊन जा दोघांना बी."

सुकेशनीनं डोळे मिटले आणि तिला ती बाग दिसली. कसली, तर तुरीला पिवळा फुलोरा आलेलं त्यांचंच रान, धुऱ्यापर्यंत, आणि त्यात एक दाढीवाला म्हातारा कडेवर पोरं घेऊन फिरतोय. खरं की खोटं हे त्या घटकेला तिनं विचारलं नाही. पण तिनं डोळे उघडून बापाकडं बघितलं. कारण ती या बापाची लेक होती, आणि उत्तर तिला त्याच्याकडूनही हवं होतं.

शांतवन मास्तरांनी चष्मा काढला. "मघाशी मी थांबलो," ते म्हणाले. "थांबायला नको होतं. दावीद राजाचं लेकरू सातव्या दिवशी गेलं, आमच्या शास्त्रात आहे. तोवर राजा जमिनीवर पडून उपाशी रडत होता. गेल्याचं कळल्यावर उठला, अंघोळ केली, जेवला. लोकांना नवल वाटलं. तो म्हणाला, ते माझ्याकडं येणार नाही, पण मी त्याच्याकडं जाईन. त्या लेकराला कुठं बाप्तिस्मा झाला होता? आणि प्रभूनं लेकरांना मांडीवर घेतलं तेव्हा कुणाला विचारलं नाही, तुझं झालंय का म्हणून. सुकेशनी, नक्की. मी नक्की म्हणतो."

"मग मला त्याचं नाव ठेवू द्या." ती सासूच्या पाठीकडं बघत बोलली. "योहान."

"असलं नाव आपल्या भावकीत कुनाचं बी न्हाई," बन्सीधरराव पटकन म्हणाले. वाद घालायचा म्हणून नव्हे, सवयीनं.

आणि शांतवन मास्तर चक्क हसले. "इव्हाई, माफ करा. योहान जन्मला तेव्हा त्याचे नातेवाईक जमून अगदी हेच बोलले होते. म्हणाले, आपल्या कुळात हे नाव कुणाचं नाही. आईच अडून बसली. बाप मुका झाला होता, त्यानं पाटी मागवली आणि लिहिलं, याचं नाव योहान."

"आमच्यात याह्या म्हनतेत त्याला," जैतूनबी म्हणाली. "त्याचं नाव तर अल्लानंच ठेवलं. आधी कुनालाच दिलेलं नव्हतं."

सगळ्यांच्या नजरा दाराकडं गेल्या. बारा दिवसांत गोपाळ जे बोलला ते दावणीच्या बैलांशीच. त्यानं चौकटीला टेकलेलं डोकं वर घेतलं. "योहान," तो म्हणाला. मग त्यानं परत म्हटलं. "योहान बन्सीधर... न्हाई. योहान गोपाळ."

आता सगळे थांबले ते सुमनबाईंसाठी. सुकेशनीनं मन घट्ट केलं. बोलतील, सूप आपटतील, उठून जातील. काहीही झालं तरी नाव आता परत घ्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

सुमनबाईंनी सूप बाजूला सरकवलं. पहिल्यांदा त्या सगळ्यांकडं तोंड करून बसल्या. बघितलं मात्र फक्त जैतूनबीकडं.

"जैतून," त्या म्हणाल्या. "ती लेकरं दाराशी उभी ऱ्हातेत म्हनलीस. मायबाप आल्याबिगर जात न्हाईत."

"हाव बाई."

"आन् जिनं नावच न्हाई ठेवलं? तिला वळखतेत का?"

दुपारपासून किताबातलं सगळं जैतूनबीच्या जिभेवर होतं. आता तिनं मास्तरांकडं बघितलं. सुकेशनीला काही कळेना. या घरात बजरंग आणि गोपाळ अशी दोनच मुलं झाली, हेच ती तीन वर्षं ऐकत आली होती.

"तूच तर व्हतीस दोन्ही बारीला," सुमनबाई म्हणाल्या. "तुझ्याच हातावर आल्या. एक तीन दिस जगली, एक एकच रात."

"मला ठाव न्हाई, बाई," जैतूनबी शेवटी म्हणाली. "खोटं न्हाई सांगनार. तसं कुठं ऐकलं न्हाई. पर अजून कुठं येळ गेली? तू हायस की. ठेव."

सुकेशनी अंथरुणावरून सरकली, भिंत धरून उठली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. छातीचं फडकं परत ओलं झालं होतं, ते तिनं लपवलं नाही. "ठेवा, आत्याबाई. आज बारसंच हाय."

सुमनबाईंना विचार करावा लागला नाही.

"राही आन् मैना," त्या म्हणाल्या. एका श्वासात, रोज घेत असल्यासारख्या.

कापसाच्या ढिगाला टेकलेले बन्सीधरराव हळूहळू पुढं झुकले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून त्यांनी ही नावं कधी ऐकली नव्हती. त्यांच्या मिशांवर, भुवयांवर पांढरे तंतू बसले होते.

"थोरली कंची?" त्यांनी विचारलं.

"राही."